शेळ्या राखायला आणलेला कुत्राच करडांचे कान चावतोय, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

घरी बावीस शेळ्या, त्यांची करडं आणि तीसेक कोंबड्या. कोल्हे आणि मोकाट कुत्र्यांचा त्रास वाढला म्हणून आठ आठवड्यांचं राखणीच्या जातीचं पिल्लू आणलं, ग्रेट पिरनीज आणि अनातोलियनचा क्रॉस, नाव शेरू. पत्र लिहिणाऱ्या ताई म्हणतात, पहिले सहा-सात महिने शेरू इतका गुणी होता की शेळ्यांच्या अंगाला अंग लावून झोपायचा, म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि त्याला रात्रंदिवस त्यांच्यातच सोडायला लागलो. आता तो दहा महिन्यांचा आहे. गेल्या महिन्याभरात करडांच्या मागे पळणं सुरू झालंय, एका करडाचा कान चावून चावून कड फाडली, आणि मागच्या आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या, खाल्ल्या नाहीत, नुसत्या मारून टाकल्या. सासरे म्हणतात एकदा रक्ताची चटक लागली की कुत्रा कामातून गेला, देऊन टाका नाहीतर कायमचा साखळीला बांधा. कुणीतरी सांगितलं म्हणून मेलेली कोंबडी दोन दिवस त्याच्या गळ्यात बांधून ठेवली, मारलंसुद्धा, फरक काही नाही, उलट मी दिसले की आता तो लांब पळतो. नवरा म्हणतोय अजून एक पिल्लू आणू, दोघं एकमेकांशी खेळतील आणि शेळ्यांना सोडतील. जातिवंत कुत्रा घेतला, माणसांचा लळा लावायचा नाही म्हणाले तेही पाळलं, मग चुकलं कुठे?

ताई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे की शेरू अजून हातातून गेलेला नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. दहा महिने, पळापळ, कान चावणं, कोंबडी मारून तिथेच टाकून देणं, हे सगळं एकत्र बघितलं की राखणीच्या कुत्र्यांमध्ये राहिलेला माणूस लगेच ओळखतो की पोरगं वयात आलंय. शरीर चाळीस किलोचं झालंय आणि डोकं अजून पिल्लाचं आहे. या जाती अंगाने लवकर भरतात पण शहाण्या व्हायला दीड-दोन वर्षं घेतात, काही तर तिसरं वर्ष लागेपर्यंत. सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट, आणि नेमका तो सुरू व्हायच्या वेळेला तुम्ही त्याच्यावरची नजर काढून घेतलीत, कारण तोवर तो फार छान वागत होता. हे जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतं, माझ्याही हातून झालंय, ते पुढे सांगते.

आता सासऱ्यांचं म्हणणं. रक्ताची चटक. हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय आणि यापायी इतकी चांगली कुत्री वाया गेलेली बघितलीत की जरा सविस्तर लिहिते. कुत्र्याची शिकार म्हणजे एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या असतात, आधी नजर लागते, मग दबा धरणं, मग पाठलाग, मग पकड, मग मारणं, फाडणं आणि शेवटी खाणं. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांमध्ये माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून पहिल्या दोन-तीन पायऱ्या धारदार केल्या आणि पुढच्या दाबल्या. राखणीच्या कुत्र्यांमध्ये ही अख्खी साखळीच मंद केलेली आहे, म्हणून तर शेळी समोरून गेली तरी त्याची नजर तिच्यावर खिळत नाही. पण मंद म्हणजे नाहीशी नाही, आणि खेळताना पिल्लं याच साखळीचे तुकडे वापरतात. शेरूने कोंबडी खाल्ली नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तो तिच्या मागे पळाला, ती फडफडली, ओरडली, त्याला अजून मजा आली, त्याने धरली, ती हलायची थांबली आणि खेळ संपला. मग दुसरी धरली. चटक लागते ती पळण्याची, रक्ताची नाही. आणि पळण्याची चटक खरंच लागते, कारण समोरचं जनावर उधळलं की तेच त्याचं बक्षीस असतं, तुम्ही बिस्किट द्या नाहीतर काठी दाखवा, त्या बक्षिसापुढे दोन्ही फिकं पडतं. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: त्याला आता एकदाही कुणाच्या मागे पळायला मिळता कामा नये. ज्या दिवशी तो तीनदा पळाला त्या दिवशी तीनदा सराव झाला असं धरा.

तुमच्या प्रश्नात अजून एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की जातिवंत घेतला म्हणजे राखण रक्तातच असणार, शिकवायचं काय त्यात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या जोडप्याने १९७० च्या दशकापासून राखणीची शेकडो कुत्री शेतकऱ्यांकडे ठेवून त्यांचं वागणं बरीच वर्षं नोंदवलं. त्यांनी चांगल्या कुत्र्याचे तीन गुण सांगितले, कळपावर लक्ष असणं, कळपाला त्याच्यापासून धोका नसणं, आणि संकटात कळपाच्या बाजूने उभं राहणं. लोक तिसरा गुण बघून कुत्रा विकत घेतात, भुंकतो किती, अंगावर जातो का, आणि तोच गुण सगळ्यात उशिरा येतो. पहिल्याचा पाया पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असल्यापासून साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पडतो, त्या वयात ज्या जनावरांच्या वासात आणि उबेत ते वाढतं त्यांनाच ते आपलं मानतं. तुमच्याकडे हे झालंय ताई, तो शेळ्यांना टेकून झोपायचा म्हणजे पाया चांगला आहे. राहिला दुसरा गुण, भरवशाचं वागणं, आणि तो रक्तात येत नाही, तो दिवसामागून दिवस कुणीतरी तिथे उभं राहून घडवावा लागतो. आपलं मानणं आणि नीट वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घरातलं मोठं पोर धाकट्याला जीव लावतं आणि त्यालाच रडवतंसुद्धा.

माझं सांगते. माझी पहिली राखणीची कुत्री काळी, अकरा महिन्यांची असताना एका सकाळी एका करडाच्या कानाची कड रक्ताळलेली दिसली आणि मी हादरले. पण खरं तर त्याच्या आधी आठ-दहा दिवस त्या करडाच्या दोन्ही कानांवरचे केस मला ओले दिसत होते, लाळेने चिकटून त्यांच्या टोकदार बटा झालेल्या, वाळल्या की कडक. मला वाटलं आई चाटते. आई कशाला कान चाटेल एवढे, पण मी विचारच केला नाही. काळी रात्रभर त्या करडाला पंजाखाली धरून त्याचा कान चघळत बसायची, बिचाऱ्याने सुटायची धडपड केली की अजून जोर. तेव्हापासून मी रोज सकाळी हात फिरवून बघते, कान ओले आहेत का, शेपटीचे केस उपटलेत का, मागच्या पायांवर पोटरीच्या जागी ओरखडे आहेत का, मेंढी असेल तर मानेवरची लोकर ओढून सैल झालीय का. जखम शेवटी होते, त्याच्या आधी बरेच दिवस ही ओल दिसत असते. तुम्ही बाकीच्या करडांचे कान आजच तपासा, फाटलेला कान एक आहे पण ओले कान दोन-तीन तरी सापडतील असं मला वाटतंय.

आता करायचं काय. पहिले दोन आठवडे शिकवायचं काहीच नाही, फक्त व्यवस्था बदलायची. शेरूला शेळ्यांच्या वाड्याला लागून, किंवा वाड्याच्या आतच एका कोपऱ्यात, मजबूत जाळीचं स्वतंत्र आवार करा. उंची पाच फूट तरी हवी, आणि जाळीचा खालचा भाग जमिनीत गाडा किंवा कडेने दगड लावा, नाहीतर तो उकरून बाहेर येईल. त्याला शेळ्या दिसल्या पाहिजेत, वास आला पाहिजे, जाळीला नाक लावता आलं पाहिजे, पण पोचता कामा नये. साखळी मात्र नको. साखळीला दिवसभर बांधलेला तरणा कुत्रा सुटला की दुप्पट जोराने पळतो, शिवाय समोरून करडं उड्या मारत गेली की तो साखळीला हिसके देत राहतो आणि शेळ्या दिसल्या की ताण असंच त्याच्या डोक्यात बसतं. मग रात्रीची राखण कोण करणार, हा प्रश्न तुम्हाला पडला असणार. रात्री शेळ्या आत, दार पक्कं बंद, कोंबड्या खुराड्यात, आणि शेरू बाहेरच्या कुंपणाच्या आत मोकळा. कोल्हा आला तर त्याला वास येईल, तो भुंकेल, बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं, राखणीच्या कुत्र्याचं मुख्य काम भुंकून आणि फिरून आपली हद्द सांगणं हेच असतं, मारामारी फार क्वचित. म्हणजे नोकरी चालू राहिली आणि करडंही वाचली.

या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्याला पट्ट्याने धरून तुमच्या जमिनीच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारून आणा. घाई करू नका, जिथे तो हुंगेल तिथे हुंगू दे, जिथे मुतेल तिथे मुतू दे, ती त्याची हद्द आखणं चाललेलं असतं. तुमच्या पत्रात तो दिवसभर काय करतो याबद्दल एक ओळही नाही, आणि माझा अंदाज असा की बरेच तास तो एका छोट्या वाड्यात त्याच वयाच्या उड्या मारणाऱ्या करडांबरोबर रिकामा बसून होता. इतक्या ताकदीच्या जनावराला काम नाही, जागा नाही, आणि समोर खेळणी नाचतायत, मग तो दुसरं काय करणार. चघळायला काहीतरी टणक द्या, रोज बदलून द्या.

दोन आठवड्यांनी शेळ्यांमध्ये न्यायला सुरुवात. सगळ्या शेळ्यांमध्ये नाही आणि करडांमध्ये तर अजिबात नाही. प्रत्येक कळपात एक-दोन जुन्या जाणत्या शेळ्या असतात ज्या कुत्र्याला बघून पळत नाहीत, उलट डोकं खाली करून उभ्या राहतात, तुम्हाला माहीत असेल तुमच्यातल्या कोणत्या. त्यांच्यात न्या, फेरी मारून तो दमलेला असताना, पाच-सहा मीटरची लांब दोरी पट्ट्याला लावून, आणि दोरी तुमच्या हातात. पंधरा मिनिटं पुरे. शेळीने ढुशी मारली तर मारू दे, फार लागणार नाही एवढं बघा, पण एक ठाम ढुशी माणसाच्या दहा ओरडण्यांपेक्षा त्याला लवकर कळते. मधे पडून शेळीला हाकलू नका, नाहीतर त्याला वाटेल जिंकलो.

आणि या पंधरा मिनिटांत तुम्ही फोन बघायचा नाही, शेण उचलायचं नाही, फक्त शेरू बघायचा. अंग सैल आहे, डोकं खाली आहे, शेपटी खाली सैल हलतेय, शेळीने बघितलं की तो तोंड बाजूला करतो, तिच्या तोंडापाशी जाऊन चाटतो, जमिनीवर लोळण घेतो, ही सगळी चांगली लक्षणं. तोंड एकदम मिटलं, मान ताठ झाली, नजर एकाच शेळीवर खिळली, एक पाय उचलून तो थबकला, किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून खेळायचं आमंत्रण देतोय, तर पुढच्या दोन सेकंदांत तो पळणार. अडवायचं ते याच क्षणाला. पळायला लागल्यावर ओरडून उपयोग नाही, तोवर त्याचे कान बंद झालेले असतात. नजर खिळली की एकच ठरलेला शब्द, जाड आवाजात, ‘अंहं’ म्हणा नाहीतर ‘सोड’ म्हणा पण घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा, आणि त्याच्या आणि शेळीच्या मधे जाऊन उभं राहायचं. त्याने नजर काढली की लगेच हळू आवाजात शाबासकी, अंगावरून सावकाश हात. उत्साहाने टाळ्याबिळ्या वाजवून कौतुक नको, त्याने तो अजून पेटतो, शेळ्यांमध्ये राहायचं म्हणजे थंड डोक्याने हे त्याला तुमच्या आवाजातूनच कळलं पाहिजे. दोनदा अडवूनही तिसऱ्यांदा नजर खिळली तर त्या दिवसाचं तिथेच थांबवा, परत आवारात न्या, रागवायचं नाही.

सलग आठवडाभर एकदाही अडवावं लागलं नाही तर अर्धा तास करा, मग तास, मग दोरी हातातून सोडून जमिनीवर घसरू द्या, पण दोरी लावलेली असताना त्याला एकटं सोडून जायचं नाही, दोरी कशात तरी अडकते आणि गळफास बसतो. मग अजून चार शेळ्या वाढवा. मग दोरीशिवाय. मग तुम्ही जाळीबाहेर जाऊन लांबून बघा. कधीतरी तो परत पळेल, नक्की पळेल, तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं समजू नका, फक्त एक पायरी मागे या आणि तिथे आठवडाभर राहा. करडं सगळ्यात शेवटी, आणि तीही एकेक, आधी पट्ट्यावर. माझ्या मते पूर्ण दोन वर्षांचा होईपर्यंत करडांमध्ये त्याला रात्री एकटं सोडू नये, लोक सोडतात आणि कधी कधी निभावूनही जातं, पण मी सोडणार नाही.

शेळी व्यायच्या वेळेचं वेगळं सांगते. ओल्या करडाचा आणि जाराचा वास तरण्या कुत्र्याला वेडं करतो. जार खाल्ला तर घाबरू नका, राखणीची बरीच कुत्री तो खातात, कोल्ह्यांना वास लागू नये म्हणून ते एका परीने बरंच असतं. पण काही कुत्री नव्या करडाला इतकं चाटतात आणि कवटाळून बसतात की आईला जवळच येऊ देत नाहीत, आणि करडाला पहिला चीक वेळेवर मिळत नाही. म्हणून व्यायला आलेली शेळी वेगळ्या कप्प्यात, शेरू जाळीपलीकडे, त्याला बघू दे, ऐकू दे. पुढच्या एक-दोन हंगामांनी तो स्वतःच थोडं लांब बसून पहारा देईल.

कोंबड्या हा पूर्ण वेगळा धडा आहे. शेळ्यांशी शहाणा झालेला कुत्रा कोंबड्यांशी शहाणा होईलच असं नाही, कारण पळताना फडफडणारी, कलकलाट करणारी इतकी छोटी वस्तू म्हणजे शिकारीच्या त्या साखळीला सगळ्यात मोठं आमंत्रण. अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळ मिडल आयलंड नावाच्या छोट्या बेटावर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची संख्या शेकड्यांवरून दहाच्या खाली आणली होती, तिथे २००६ पासून मारेम्मा जातीची राखणीची कुत्री ठेवली आणि पेंग्विन परत वाढले, आणि ती कल्पना मुळात एका कोंबड्या पाळणाऱ्याची होती, ज्याच्याकडे हीच कुत्री कोंबड्या राखायची. म्हणजे पक्षी राखणारी कुत्री असतात. पण शेरूच्या तोंडून आत्ता दोन कोंबड्या गेल्यात, त्यामुळे निदान वर्षभर कोंबड्या जाळीत, विषय बंद. नंतर शिकवायचं झालं तर याच रीतीने, पट्ट्यावर, आधी खुराड्यात दाणे टिपणाऱ्या शांत कोंबड्यांसमोर त्याला बसवून. आणि नाहीच जमलं तर कोंबड्यांना जाळी आणि शेळ्यांना शेरू, ही वाटणीसुद्धा आयुष्यभर चालते, कित्येक जणांकडे चालते.

गळ्यात मेलेली कोंबडी बांधण्याबद्दल. तुम्हाला दोष देत नाहीये, ही सूचना जगभर लोक एकमेकांना देत आलेत. पण कुत्र्याच्या डोक्यात दोन दिवसांपूर्वी धरलेली कोंबडी आणि आज गळ्यात कुजणारं हे लोढणं यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की ही बाई जवळ आली की काहीतरी भयंकर होतं, म्हणून तो तुम्हाला बघून पळतोय. हे मला कोंबड्यांपेक्षा मोठं नुकसान वाटतं, कारण ज्या कुत्र्याला जवळ बोलावता येत नाही त्याला काहीच शिकवता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत हे भरून काढा. त्याच्या आवारात जाऊन नुसत्या बसा, त्याच्याकडे पाठ करून, हातात काहीतरी खाऊ, बोलावू नका. तो येईल.

इथेच लळ्याचा मुद्दा. माणसाचा हात लावू नका नाहीतर कळपाशी जुळणार नाही, हा सल्ला जुना आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे, सोफ्यावर वाढवलेलं पिल्लू दारातच बसून राहतं, शेळ्या कुठे का जाईनात. पण त्याचा अर्थ हात लावूच नका असा घेतला तर चाळीस किलोचं जनावर असं तयार होतं की ज्याचा पाय कापला तर बघता येत नाही, लस देता येत नाही, अनोळखी माणूस आला तर थोपवता येत नाही. प्रेम भरपूर करा, फक्त ते शेळ्यांच्या वाड्यात करा, घराच्या उंबऱ्यावर नको. पंजे धरणं, तोंड उघडून दात बघणं, कानात बोट घालणं, पट्ट्याला धरून चालणं, गाडीत चढणं, हे सगळं आत्ता, याच वयात सवयीचं करा. नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी चीता कन्झर्वेशन फंड ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन आणि कंगाल जातीची पिल्लं देते, चित्त्यांपासून शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्ते मारत नाहीत म्हणून, आणि ते नुसतं पिल्लू देऊन मोकळे होत नाहीत, नंतरही जाऊन कुत्रा कसा आहे ते बघतात. हातात न येणाऱ्या कुत्र्याचं असं काहीच करता आलं नसतं.

दुसरं पिल्लू आत्ता आणू नका, प्लीज. दोन पोरं एकमेकांशी खेळतात हे खरं, पण मग दोघं मिळून करडाच्या मागे लागतात, एकाने वळवायचं आणि दुसऱ्याने धरायचं, आणि हा प्रकार एकट्याच्या खोडीपेक्षा किती तरी वाईट. शेरू दोन वर्षांचा होऊन सुधारला की मग आणा, तो पिल्लाला स्वतः शिकवेल. हां, एखादा पाच-सहा वर्षांचा, शेळ्यांमध्ये मुरलेला शांत कुत्रा कुणाकडून मिळत असेल तर मात्र आजच आणा, तसा जाणता कुत्रा शेरूला एका गुरगुरण्यात जे सांगेल ते सांगायला आपल्याला महिना लागतो.

खाण्याचं थोडक्यात, कारण इथेही चावाचावी होते आणि लोकांना कारण कळत नाही. शेरूचं खाणं शेळ्यांना पोचेल असं ठेवू नका. शेळ्या कुत्र्याचं खाणं आवडीने पळवतात, तो भांड्यावर गुरगुरतो, एखादी हट्टी शेळी ऐकत नाही आणि तो तिच्या तोंडाला चावतो. ठरलेल्या वेळी त्याच्या आवारात खायला द्या आणि भांडं उचला. उलट बाजूनेही सांभाळा, काही जनावरांच्या खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते कुत्र्याला विषारी आहे, त्यामुळे खुराकाच्या पोत्यावरचं वाचा आणि पोतं झाकून ठेवा. शेळ्यांची जंताची औषधं सांडू देऊ नका. मेलेल्या जनावराचं डोकं किंवा आतडी कच्ची खायला घालू नका, डोक्यातल्या मेंदूतून कुत्र्याला एक पट्टकृमी होतो, कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी गवतावर जातात आणि तेच गवत खाऊन शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत गाठी होतात, मग त्या मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरायला लागतात. शेरूला जंताचं औषध नियमाने आणि रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या लसी वेळेवर, तो कोल्ह्यांसमोर उभा राहणारा कुत्रा आहे. नसबंदीचं व्हेटशी बोलून ठरवा, एवढ्या मोठ्या हाडाच्या कुत्र्यात फार लवकर केली तर सांध्यांना त्रास होऊ शकतो म्हणून बरेच जण वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात.

एक बाजू अजून लिहिली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. प्रत्येक कुत्रा जमतोच असं नाही. दोन वर्षं उलटल्यावरही, इतकं सगळं करूनही, तो आवाज न करता दबा धरून जातोय, खेळकरपणाचं एकही लक्षण नाही, आणि जखमा कानावर-शेपटीवर नसून मानेवर-गळ्यावर आहेत, तर तो खेळ नाही आणि अशा कुत्र्याला शेळ्यांमध्ये ठेवणं शेळ्यांवर अन्याय आहे. मग त्याला जनावरं नसलेल्या, मोठं कुंपण असलेल्या घरी द्या आणि घेणाऱ्याला खरं काय ते सगळं सांगा. त्यात तुमचं अपयश काही नाही. पण शेरूबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं मला काही दिसलं नाही. आणि दहा महिन्यांवर असा निकाल लावणं म्हणजे पाचवीतल्या पोराला नोकरीतून काढण्यासारखं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत की चुकलं कुठे, आणि न विचारलेला प्रश्न बहुतेक हा असणार की हे असं किती दिवस. साधारण वर्षभर धरा. त्यातले पहिले दोन-तीन महिने रोजचा तासभर तरी जाईल, मग कमी होत जाईल. काळी सव्वादोन वर्षांची असताना एका दुपारी मी वाड्यात गेले तर ती ऐन दारात आडवी पसरलेली, आणि माझी सगळ्यात म्हातारी शेळी तिच्या अंगावरून पाय टाकून पलीकडे गेली, एक खूर काळीच्या पोटाला घासून गेला, मागून तिची दोन करडं, एक तर काळीच्या पाठीवर चढून उभंच राहिलं. काळीने एक डोळा उघडला, करडाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि तोंड दुसरीकडे वळवून परत झोपली. तिने तोंड वळवलं ना, त्यासाठीच वर्षभर राबले होते मी. त्या रात्री पहिल्यांदा मी तिला आत ठेवून दार लावलं आणि तरीही दोनदा उठून बघून आले.

सासऱ्यांना हे सगळं सांगून पटेल असं नाही, तर वाद घालू नका, फक्त आवार बांधायला त्यांचीच मदत मागा आणि दोन महिने द्या म्हणा. कळपातली शांत शेळी कोणती हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, तीच पहिल्या दिवशी लागणार आहे. आणि ज्या करडाचा कान फाटलाय त्याची जखम रोज सकाळ-संध्याकाळ बघत जा, धुऊन कोरडी ठेवा, माशी बसायला लागली तर त्याच दिवशी व्हेटला दाखवा, उद्यावर टाकू नका, किडे एका रात्रीत पडतात.